सासूबाईंनी शांत केलेला समुद्र

माझ्या लग्नात रुखवतावर आगबोट होती. माहेर रत्नागिरीकडचं, सासर समुद्रापासून लांब, रिठदचं. दोन्हीकडची माणसं बौद्ध, आणि माझा भाऊ नि नवरा कॉलेजातले सोबती, म्हणून एवढ्या लांबची सोयरीक जमली. वडील मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटीवर खलाशी. बोटीला रंग देणाऱ्या सोबत्याकडून त्यांनी तिचं चित्र काढून घेतलं आणि शेवया-कुरडयांच्या मधोमध मांडलं. सासरच्या बायका चित्रासमोर जरा थबकल्या, मग भांडी बघायला पुढे सरकल्या.

चित्र तुफानातलं होतं. बोट विलायतेत बांधलेली, लढाईत सरकारने नेलेली, परत आल्यावर वर्षानुवर्षं चाकरमान्यांना शिमग्याला घरी पोचवणारी. एकदा वादळात सापडली आणि सगळ्यांना घेऊन सुखरूप बंदराला लागली. वडिलांना तिचा तोच पराक्रम हवा होता. म्हणून चित्रात बोट एका अंगावर कललेली आणि लाटा धुराड्यापर्यंत. मी मोठ्या तोऱ्यात ते ओसरीत लावलं.

सातव्या महिन्यात हा तोरा अंगाशी आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. एसटीने घाटातून गेले असते तर बाळ वाटेतच झालं असतं, म्हणून वडिलांनी मुंबईहून आपल्याच बोटीने न्यायचं ठरवलं. मला आईजवळ जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. सासूबाईंनी चित्रासमोर उभं राहून साफ नकार दिला. हे वादळ जुनं आहे, दिवाळीनंतर समुद्र निवांत असतो, असं नवऱ्याने परोपरीने सांगितलं. मी रडले, भांडले, जेवण सोडलं आणि भूक लागल्यावर परत धरलं. सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. शेलूबाजारचा एक ट्रक रंगवणारा पेंटर गावात पिठाच्या गिरणीची पाटी लिहायला आला होता. त्याला घरी बोलावून त्या म्हणाल्या, "हे पाणी पयले शांत कर. मंग मी सुनेले धाडतो."

मी हसू दाबलं. जायला मिळत असेल तर समुद्र काय, आभाळही बदला. पेंटरने लाटा पुसल्या, बोट सरळ केली. धुराडं तेवढं वाकडं राहिलं. बिनकाठाचं पाणी त्याने कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून पलीकडे काठ काढला, त्यावर बाभळी, आणि काठाशी पाण्यात एक म्हैस. सासूबाईंना म्हैस फार पसंत पडली. म्हैस उभी आहे म्हणजे पाणी कमरेएवढंच, असं त्यांनी शेजारणीला समजावलं आणि माझी पेटी भरायला घेतली.

समुद्र खरंच शांत निघाला. बोटीवर वडिलांना चित्राची हकीगत सांगितली तेव्हा ते आधी चिडले, आणि म्हशीपाशी आल्यावर पोट धरून हसले.

लेक चार महिन्यांची झाली तशी मी रिठदला परतले. ओसरीत शिरताना चित्राकडे लक्ष गेलं. आता डेकवर दोन बायका उभ्या होत्या. एक हिरव्या पातळात, पोट पुढे आलेलं. दुसरी नऊवारीत, कपाळावर थेट सासूबाईंसारखं गोंदण. तिने पहिलीचा दंड घट्ट धरला होता.

सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हे काय, असं मी विचारलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अशा दिवसांत तुले एकटी कशी जाऊ देऊ? पण मले पाण्याचं लय भेव वाटते, म्हणून मी आतल्या अंगानं उभी राह्यली."