समजूत घालायचं काम

ओरेथा गॅटलिन आमच्या शेजारची. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या उत्तर भागातल्या आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये अंतर असं नाहीच. मधे आहे ती तिच्या नवऱ्यानं, वेंडेलनं लावलेली टोमॅटोची रांग. मी सांगते आहे त्यातलं निम्मं ओरेथानं मला पायरीवर बसून सांगितलं, निम्मं वेंडेलनं त्या टोमॅटोंपलीकडून. वेंडेल तावातावानं सांगायचा. ती जांभया देत सांगायची.

तिचे वडील दक्षिणेतल्या आर्कान्सामधून इथे आले ते ओतकामाच्या कारखान्यात. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं काम काळ्या माणसांचं, असं तिथे कुठे लिहिलेलं नव्हतं; लिहायची गरजच नव्हती. आई गोऱ्यांच्या घरी धुणं-इस्त्री करायची. तिनं मुलींना एक शिकवण दिली होती : गोऱ्या माणसाला खरं सांगायची वेळ आली तर आधी हसायचं, मग सांगायचं, आणि सांगून झालं की परत हसायचं. ओरेथा ही शिकवण गाठीला बांधून शहराच्या बसवर ड्रायव्हर झाली. सुरुवातीला एखादी म्हातारी चढायची, स्टिअरिंगमागे ओरेथाला बघून पायरीवरच थबकायची. "रस्ता माहीत आहे ना गं तुला?"

"चुकले तर तुम्ही आहातच की सांगायला!" ओरेथा म्हणायची. अख्खी बस हसायची. म्हातारीसुद्धा.

निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडे दोन गोष्टी उरल्या होत्या, दुखरे गुडघे आणि बोलिंग. जड चेंडू लाकडी पट्टीवरून घरंगळत सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या. अर्धं वर्ष बर्फात काढणाऱ्या गावात माणसं दुसरं काय करणार! दर शनिवारी दुपारी ती दक्षिण भागातल्या एका जुन्या हॉलमध्ये खेळायला जायची. तिघींचा संघ होता : ओरेथा, जेनीन क्रुगर आणि बेव्ह. जेनीन बस डेपोच्या कचेरीत कामाला होती, तिथली ओळख. बेव्ह जेनीनची चुलत बहीण. त्या दोघी गोऱ्या, हॉलमधल्या बाकीच्या बायकाही गोऱ्या. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मैत्री काही खोटी नव्हती. ओरेथाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा जेनीन रोज सूप घेऊन यायची. जेनीनचा नवरा गेला तेव्हा तिचे केस विंचरून, हात धरून तिला चर्चमध्ये नेलं ते ओरेथानं.

त्या हिवाळ्यात हॉलला नवा मॅनेजर आला. चांगला चाळिशीचा, गोडबोल्या. लीगच्या, म्हणजे दर शनिवारी खेळणाऱ्या संघांतल्या बायकांची कपाटं एका खोलीत आहेत, तिच्या दारात त्यानं ओरेथाला अडवलं.

"मॅडम, ही खोली फक्त सभासदांसाठी आहे."

"मी सभासद आहे."

"कार्ड?"

कार्ड आत कपाटात होतं. तिच्या अंगात संघाचा जांभळा शर्ट होता, छातीवर पांढऱ्या दोऱ्यानं नाव शिवलेलं. त्यानं ते नाव वाचलं आणि दारातून हलला नाही. तेवढ्यात मागून जेनीन आली. "अरे, ही आमचीच आहे!" म्हणाली, आणि तो लगेच बाजूला झाला. "सॉरी हं, नवीन आहे मी."

"नवीन आहे बिचारा," जेनीन हसत म्हणाली, आणि तिच्यामागून बेव्ह हसली.

ओरेथा हसली नाही. असं का झालं ते तिलाही नीट सांगता येत नाही. ठरवून केलं नव्हतं. हसायला गेली आणि हसू आलंच नाही, म्हणाली.

तिघी टेबलापाशी बसल्या. तळलेल्या बटाट्यांची टोपली आली. ओरेथा म्हणाली, "मागच्या शनिवारी बेव्हची भाची आली होती. ती कुठे सभासद आहे? गेली ना सरळ आत?"

"अगं, त्याचं लक्ष नसेल," जेनीन म्हणाली.

"तुला कधी मागितलं त्यानं कार्ड?"

"मला... नाही. पण म्हणून काय झालं? तो सगळ्यांशी तसाच वागतो."

"सगळ्यांशी म्हणजे कोणाकोणाशी, जेनीन?"

जेनीनचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे तुला म्हणायचंय काय? मी तसली आहे? मी? माझ्या आजोबांना इथे लोक पोलंडचे म्हणून काय काय बोलायचे माहीत आहे? आम्ही काही कमी सोसलं नाही! आणि माझ्या नवऱ्याच्या मयताला माझ्या शेजारी कोण बसलं होतं? तूच ना?"

"मी तुझ्याबद्दल बोललेच नाही. त्याच्याबद्दल बोलत होते. तू हसलीस, एवढंच माझं म्हणणं."

"एकोणीस वर्षं झाली, आणि तू मला असं समजतेस!" जेनीन रडायला लागली. बारीकसारीक नाही, हुंदके देऊन. बेव्ह कागदी रुमाल घेऊन धावली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काय गं, काय झालं हिला?"

"ओरेथा जरा बोलली तिला," बेव्हनं सांगितलं.

त्या बाईनं ओरेथाकडे असं पाहिलं, की जणू तिनं कोणाला मारलंय. आणि ओरेथाचा हात सवयीनं जेनीनच्या पाठीवर गेला होता. असू दे गं, असू दे, असं ती पुटपुटतही होती. थोपटता थोपटता तिच्या मनात आलं, दारात अडवलं मला, आणि समजूत मीच घालतेय. तिनं हात काढून घेतला. तिची पाळी आली होती. ती उठली, चेंडू सोडला, सात पिना पडल्या. परत येऊन बसली. घरी जाईपर्यंत कोणी तिच्याशी बोललं नाही.

वेंडेलनं सगळं ऐकून घेतलं. "एकोणीस वर्षं लागली तुला?"

"तुझं काय जातंय बोलायला? तू येतोस का तिथे खेळायला?"

"म्हणूनच येत नाही," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी ओरेथा गेलीच नाही. दुपारभर झोपली. त्याच्या पुढच्याही. जेनीनचे फोन यायचे, ती उचलायची नाही. एक दिवस दारात बटाटे आणि चीज घालून भाजलेल्या पदार्थाचं भलंमोठं भांडं सापडलं, जेनीननं ठेवलेलं. वेंडेलनं ते खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाला. मग लांबलचक निरोप आला, तो ओरेथानं मला तिच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवला. 'मी एक पुस्तक आणलंय, आम्हा गोऱ्या लोकांचं कुठे चुकतं त्याच्यावर. दोन प्रकरणं वाचली. फार रडले. तू सांग ना, मी आणखी काय करू?'

ओरेथानं फोन पालथा ठेवला. "आधी हिला काही माहीत नव्हतं. आता हिनं अभ्यास सुरू केलाय, आणि पेपर तपासायचे मी."

"मग सांगून टाक ना, मला नाही जमत म्हणून," मी म्हटलं.

"ते सांगायलासुद्धा शक्ती लागते, बाई," ती म्हणाली.

शेवटी एका शुक्रवारी जेनीन स्वतःच आली. ओरेथा स्वयंपाकघरात मासे तळत होती. एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताला मक्याचं पीठ. जेनीन कोट न काढता उभी राहिली.

"मला माफ केलंस का, ते सांग. मला झोप लागत नाही."

"मला लागते. सारखी लागते. बस, नाहीतर जा. उभी राहू नकोस, तेल उडतंय."

जेनीन बसली. तिचे डोळे भरून आले. ओरेथानं चिमटा खाली ठेवला.

"हे बघ जेनीन, रडायचं असेल तर खुशाल रड, पण गाडीत बसून रड. तू रडलीस की मला तुझ्याजवळ यावं लागतं. मग माझं बोलणं तिथंच राहतं. आयुष्यभर हेच केलंय मी. बसमध्ये केलं, डेपोत केलं, तुझ्याबरोबर केलं. आता गुडघ्यांसारखंच झालंय त्याचं. झिजलंय."

जेनीननं डोळे पुसले. मग म्हणाली, "मी हसायला नको होतं."

"नको होतं."

"मी काय करू?"

"तो माणूस अजून त्याच दारात उभा असेल. तू होतीस ना तिथे? बघितलंस ना? मग जाऊन सांग त्याला. माझं नाव घेऊन नाही. तू काय पाहिलंस ते सांग. तो म्हणेल मी सगळ्यांनाच विचारतो. तेव्हा हसू नकोस."

तिनं जेनीनला मासा वाढला नाही. वेंडेलला ते खटकलं, तो पाहुण्याला उपाशी न पाठवणारा माणूस. ओरेथा म्हणाली, सुचलंच नाही मला.

जेनीननं मॅनेजरला सांगितलं, आणि तेवढ्यावर न थांबता लीगच्या बैठकीत उभी राहून सगळ्यांसमोर बोलली. तिथे काय झालं ते सांगायला ती दुसऱ्याच दिवशी ओरेथाकडे आली. एक बाई म्हणाली, ओरेथानं पाठवलं का तुला? दुसरी म्हणाली, चांगला चाललेला खेळ, त्यात कशाला हे घाण विषय! बेव्ह नुसती खाली बघत बसली. मॅनेजर म्हणाला, माझ्या मनात तसं काहीच नव्हतं, मला फार लागलंय हे. आणि सगळ्या बायका त्याचीच समजूत घालायला लागल्या.

"माझ्याशी कोणी बोलेना गं! निघताना कोणी 'येते' सुद्धा म्हणालं नाही," जेनीन सांगत होती. गाल तापले होते, आणि थोडा अभिमानही होता चेहऱ्यावर. "आता मला कळलं तुला कसं वाटतं ते."

"नाही कळलं," ओरेथा म्हणाली. "तुला एका बैठकीचं कळलं." मग जेनीनचं तोंड उतरलेलं बघून तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा कंटाळाही आला. "पण बोललीस. ते बरं केलंस," ती म्हणाली, आणि तिला कॉफी दिली.

ओरेथा पुन्हा खेळायला जायला लागली, तोवर हॉलमध्ये नवा नियम निघाला होता : कार्ड सगळ्यांनीच दाखवायचं. थंडीनं बोटं गारठलेल्या बायका दारात पर्सा उपसत उभ्या राहायच्या, चडफडायच्या, आणि ओरेथा आली की चडफडणं थांबवायच्या. ते थांबणं तिला जास्त ऐकू यायचं. मोसम संपेपर्यंत ती जात राहिली, कारण मधेच संघ सोडणं तिला पटत नव्हतं. खेळलीही बरी. वसंतात तिनं चेंडू घरी आणला आणि कपाटाची किल्ली परत केली. गुडघ्यांचं कारण सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

जेनीनशी तिनं संबंध तोडले नाहीत. महिन्यातून एखाद्या वेळी जेनीन यायची, वेंडेलच्या टोमॅटोंना नावं ठेवायची, दोघी डॉक्टरांविषयी बोलायच्या. पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. जेनीनला ते जाणवायचं. पण ती विचारायची नाही, आणि तिनं विचारलं नाही याचं ओरेथाला बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी, ईस्टर होऊन दोनेक महिने झाल्यावर, ओरेथाला किराणा दुकानात बेव्ह भेटली. बेव्हनं ढकलगाडी आडवी घातली आणि आवाज खाली आणला. "तुला सांगितलंच असेल जेनीननं. ईस्टरच्या जेवणात काय तमाशा झाला!"

"नाही. काय झालं?"

जेनीनचा थोरला भाऊ जेवताना काळ्या वस्तीविषयी काहीबाही बोलला होता, नेहमीसारखं. जेनीन म्हणाली, हे माझ्यासमोर बोलायचं नाही. तो म्हणाला, गंमत करतोय. ती म्हणाली, मग मला समजावून सांग, यात गंमत कुठली ते. भाऊ चिडून ताटावरून उठला. आता दोघांचं बोलणं बंद आहे, आणि घरातले सगळे जेनीनलाच दोष देतायत.

"रडली का?" ओरेथानं विचारलं.

"कोण, जेनीन? नाही. जेवत बसली होती." बेव्हला त्याचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं. "तुझ्यासाठीच केलं ना तिनं. एक फोन तरी कर तिला."

"माझ्यासाठी केलं असतं तर मला सांगितलं असतं," ओरेथा म्हणाली. "त्यानंतर दोनदा येऊन गेली माझ्याकडे. अक्षर बोलली नाही."

बेव्हनं ढकलगाडी बाजूला घेतली. ओरेथानं पाव घेतला, वेंडेलचं ताक घेतलं आणि घरी आली. फोन केला नाही. त्या दुपारी ती पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली, हे सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता कठड्याला टेकून तिचा डोळा लागला. मी उठवलं नाही.