फुटाचा इंच

साकोलीजवळच्या एकोडीत रुपा खोब्रागडे यांच्या घरी टीव्ही जमिनीवर असतो, कारण टेबलावर ट्रक उभे असतात. नवीन पाहुणा आधी ट्रक पाहतो आणि मग टीव्हीला पाय लागला म्हणून माफी मागतो.

रुपाताई गावातल्या अंगणवाडीत सेविका आहेत. नवरा कैलाश ट्रक ड्रायव्हर. महिन्यातले बरेच दिवस तो नाशिक ते रायपूर यांच्यामधल्या कुठल्या तरी रस्त्यावर असायचा, आणि घरी आला की झोपायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही रुपाताईंना त्याच्या ट्रकबद्दल एवढंच माहीत होतं की तो मोठा आहे आणि गल्लीत मावत नाही. ट्रक हायवेवरच्या ढाब्यावर उभा राहायचा, कैलाश तिथून मोटारसायकलनं घरी यायचा.

ट्रकचा नाद लागला तो अंगणवाडीमुळे. वाहनं शिकवायची होती, म्हणून रुपाताईंनी बिस्किटांच्या खोक्याला चार झाकणं चिकटवली आणि ट्रक म्हणून पोरांसमोर ठेवला. प्रतिक्षा नावाच्या एका लहानग्या पोरीनं तो उलटसुलट करून पाहिला.

"हा ट्रक नोहोय बाई," ती म्हणाली. "हा डब्बा हाये."

बाकीच्या पोरांनाही ते पटलं. दुसरी कुणी असती तर हसून विसरून गेली असती. रुपाताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कैलाश पुढच्या खेपेला आला तेव्हा त्या शिलाईचा टेप घेऊन त्याच्यासोबत ढाब्यावर गेल्या आणि ट्रक मोजायला लागल्या. बंपरपासून सुरुवात केली. ढाब्यावरची माणसं हातातला घास तसाच ठेवून बघत राहिली. कैलाश जरा वेळ दुसऱ्याच कोणाचा नवरा असल्यासारखा उभा राहिला, मग जवळ आला.

"कायले मोजून राहिली?"

"बनवाचा हाये."

"काय बनवाचा हाये?"

"ट्रक."

"हा बनलेलाच हाये ना वो."

"घरी न्याले लहान पायजे," रुपाताई म्हणाल्या. "हे टोक धरा."

हिशेब सोपा ठेवला: फुटाचा इंच. तीस फुटांचा ट्रक तीस इंचांचा झाला. दुकानातून विकत आणली ती फक्त रंगाची डबी आणि फेविकॉल. चाकं कैलाशच्या जुन्या स्लिपरांची कापली. स्लिपर अजून चालण्यासारख्या होत्या, असं कैलाशचं म्हणणं होतं. हेडलाइटला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांतले फुगवटे लावले. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या त्यासाठी बरोबर मापाच्या निघाल्या. सासूबाई लीलाबाई एरवी गोळी घ्यायला कुरकुर करायच्या. आता सून रोज सकाळी पाकीट धरून समोर उभी राहायला लागली. चाकांच्या नटांसाठी मोहरी चिकटवली. ती उंदरांनी खाल्ली. मग पोतीचे मणी लावले. कॅबिनमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता, तोही नखाएवढा करून डॅशबोर्डवर बसवला.

सगळं झाल्यावर रुपाताईंनी बारीक ब्रश घेतला आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली दारावर लाल-तपकिरी ओघळ काढले. कैलाश घरी आला, ट्रक पाहून खूश झाला. ट्रकच्या मालकाला दाखवायला मोबाईलवर फोटो काढू लागला, आणि थांबला.

"हे काय हाये?"

"थुकलेला खर्रा."

"कोणाचा?"

"तुम्ही तं सोडला म्हणून सांगतलं होतं."

"सोडलाच हाये. तो गंज असन."

"गंज खिडकीतून खाली येते?"

कैलाशनं फोटो दुसऱ्या बाजूनं काढला. लीलाबाईंनी मात्र चष्मा लावून ओघळ नीट पाहिले आणि काम चांगलं झाल्याचं सांगितलं.

पुढे आणखी ट्रक झाले. धान वाहणारा एक झाला, पाण्याचा टँकर झाला. रुपाताईंचा नियम एकच होता. समोर जसा आहे तसा करायचा. दारावरचा पोचा, तुटलेला दिवा, एका बाजूला झुकलेला बंपर, जे दिसेल ते. टँकरवाल्यानं आपला टँकर जरा नवा दाखवा म्हणून विनंती केली होती. "मंग नवा घ्या, तसा करते," असं त्या त्याला म्हणाल्या. पहिला ट्रक अंगणवाडीत नेऊन प्रतिक्षाला दाखवला. तिनं चाकं फिरवून पाहिली आणि हॉर्न कुठे आहे म्हणून विचारलं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कैलाश कांदे घेऊन रायपूरकडे निघाला होता. साकोलीच्या पुढे जंगलाच्या पट्ट्यात, उजाडता उजाडता, ट्रक रस्ता सोडून खाली उतरला आणि सागाच्या झाडावर गेला. कॅबिनची उजवी बाजू आत आली. कैलाशच्या मांडीचं हाड मोडलं, बरगड्यांना मार लागला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून तो घरी आला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण बसल्याबरोबर एकच म्हणायचा: झोप लागली असन. मालकही तेच म्हणाला. कैलाश हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

पाय जुळला. काठी सुटली. पण कैलाश गाडीवर बसेना. ऑटोत बसायची वेळ आली तरी मागे बसायचा आणि खाली बघायचा. साकोलीच्या बाजाराला पायी जाऊन पायी यायचा, आणि पाय दुखतो म्हणून ट्रकवर जात नाही असं सांगायचा. एवढं चालणाऱ्या माणसाचा पाय दुखतो कसा, हे त्याला कुणी विचारलं नाही. उरलेला वेळ तो ओसरीतल्या खाटेवर असायचा. बोलणं आधीही कमीच होतं. आता जेवताना मीठ मागण्यापुरतं उरलं.

फुटलेला ट्रक हायवेच्या कडेला एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारात आणून ठेवला होता. एका रविवारी रुपाताई टेप घेऊन तिथे गेल्या. राखणदारानं बराच वेळ पाहून विचारलं, "तुमी इमा कंपनीवाल्या का?"

"नाही. बायको."

राखणदारानं बसायला स्टूल आणून दिलं.

चेपलेला पत्रा बनवायला सरळ पत्र्यापेक्षा फार अवघड. ठोकून चेपवला तर तो ठोकल्यासारखा दिसतो, झाडावर गेल्यासारखा दिसत नाही. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून रुपाताईंनी दोन कॅबिनी वाया घालवल्या. तिसरी पाट्याच्या कडेवर हळूहळू दाबत आणली तेव्हा जमली. समोरच्या काचेला मोबाईलचं फुटलेलं स्क्रीनगार्ड लावलं. तडे आयतेच मिळाले.

ट्रक टेबलावर ठेवला त्या दिवशी कैलाश बाजारातून आला, पाणी प्यायला आत गेला, आणि तांब्या हातात घेऊन तिथेच उभा राहिला.

"हे काहून बनवलं?"

"तुमचा ट्रक हाये."

"मले समजते माझा ट्रक हाये. असा काहून बनवला?"

"असाच हाये तो आता."

कैलाशनं दोरीवरचा दुपट्टा ओढून ट्रकवर टाकला आणि न जेवता झोपला. लीलाबाई ओसरीतून म्हणाल्या, "सून ट्रक बनवते, पोरगा ट्रक फोडते. घर चालू हाये." सकाळी रुपाताईंनी दुपट्टा काढला. रंग ओला होता, दुपट्ट्याला लागत होता.

आठवडाभर कैलाश टेबलाकडे पाठ करून जेवला. मग एका दुपारी रुपाताई तांदूळ निवडत बसल्या होत्या, लीलाबाई भिंतीला टेकून होत्या. कैलाश उठून टेबलाजवळ गेला. वाकून पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"डाव्या बाजूचा आरसा फुटला नव्हता," तो म्हणाला.

"तिथं तं आरसाच नव्हता," रुपाताई म्हणाल्या. "मी मोजला तवा नुसता दांडा होता."

"मंग कोणीतरी काढून नेला असन. तवा होता. साबूत होता."

"तुमाले कसं ठाऊक?"

"मले त्यातूनच दिसत होतं."

रुपाताईंनी सूप बाजूला ठेवलं नाही. निवडत राहिल्या.

"काय दिसत होतं?"

"मांगची फळी तुटली होती. कांदे पडले होते सारे खाली." कैलाश ट्रककडेच बघत होता. "स्टेअरिंग छातीवर आलं होतं, मले हलता येत नव्हतं. मान तेवढी वळत होती. आरशात लोकं दिसले. म्हटलं, आले, आता काढतीन. तं ते कांदे भरून राहिले होते."

लीलाबाई भिंतीपासून सरळ झाल्या.

"सारे?" रुपाताईंनी विचारलं.

"सारे नाही. चांगले पाहून भरत होते. एक जण इथवर आला, दरवाज्याशी. मी म्हटलं, भाऊ, पाय अटकला हाये. तो म्हणे, हो हो, अन् मंग म्हणे, एखादं रिकामं पोतं हाये का?"

"मंग?"

"मंग मी सांगतलं, सीटच्या मांगं हाये."

गल्लीतून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

"पहिले कांदे नेले, मंग मले काढलं," कैलाश म्हणाला. "काढलं मात्र बरोबर. पाय अजिबात ओढला नाही. एक बाई होती, तिनं माह्या चपला शोधून आणल्या अन् बाजूले जोडून ठेवल्या. तिच्या पदरात बी कांदेच होते."

"अन् झोप?" रुपाताईंनी विचारलं.

"झोप कायची? सांबर होतं रस्त्यावर. मादी. मी दाबला ब्रेक, ती हललीच नाही. मंग मी वळलो. ती बी पाहत होती, काय करते हा म्हणून."

"मंग सांगतलं काहून नाही कोणाले?"

"काय सांगू? सारे म्हणत होते झोप लागली. झोप लागते हे लोकायले समजते."

लीलाबाईंनी बराच विचार केला. "त्या बाईनं चपला जोडून ठेवल्या म्हणते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगली होती मंग."

त्या संध्याकाळी रुपाताईंनी जुन्या साडीवरचा आरसा उसवला आणि डाव्या दांड्यावर बसवला. मागची फळी मोडली, आणि डब्यातला साबूत मसूर काढून ट्रकच्या मागे जागोजाग चिकटवला. फुटाच्या इंचाला तो बरोबर कांद्याएवढा होतो.

"माणसं बनवू?" त्यांनी विचारलं.

"नको," कैलाश म्हणाला. "ट्रकच राहू दे." मग त्यानं दोनतीन कांद्यांच्या जागा बदलायला लावल्या. रात्री तो भात दोनदा घेऊन जेवला आणि टेबलाकडे तोंड करून बसला.

ही गोष्ट फिरत फिरत गोपीचंदच्या कानावर गेली. गोपीचंद हा लाखनीकडचा, हायड्रा चालवतो. हायड्रा म्हणजे पुढे लांब लोखंडी हात असलेली क्रेन. आपल्याकडे पडलेली गाडी उचलायला तीच येते. तो ट्रकही त्यानंच उचलला होता. एका दुपारी तो विचारत विचारत घरी आला, ट्रक पाहिला, चहा घेतला.

"एकदम बरोबर हाये," तो म्हणाला. "पण आमचं काम कुठं हाये?"

"कोणतं काम?"

"हायड्रा. चार घंटे लागले होते त्याले झाडातून काढाले. इथं तं झाडच नाही, हायड्रा बी नाही. पाहणाऱ्याले वाटन, ट्रक आपोआप घरी आला."

रुपाताईंनी हायड्रा कधी जवळून पाहिला नसल्याचं सांगितलं. गोपीचंद मान हलवून गेला, आणि पुढच्या रविवारी खरा हायड्रा घेऊन थेट गल्लीत आला. दारासमोर उभा केला, किल्ली तशीच ठेवली आणि गावात मामेसासऱ्याकडे जेवायला निघून गेला. मोबाईल सीटवरच राहिला. त्याच्याशी बोलायला फोन लावला की तो हायड्रातून वाजायचा.

रुपाताई अजून पुढच्या चाकावरच होत्या, तेवढ्यात कृष्णराव ट्रॅक्टर घेऊन आले. कृष्णराव शेजारचे शेतकरी. ट्रॉलीत धानाची पोती, आणि खरेदी केंद्रावर त्यांचा नंबर लागलेला. त्यांनी हॉर्न वाजवला. गोपीचंद सापडेना. मामेसासऱ्याचं घर नेमकं कुठलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुन्हा हॉर्न वाजवला. शेवटी त्यांना ओसरीत उभा असलेला कैलाश दिसला.

"अरे कैलाश, तू डायवर होय ना बापा? काढ ना मांगं."

कैलाशनं हायड्राकडे पाहिलं. रुपाताई टेप हातात घेऊन चाकाजवळच उभ्या होत्या. त्या बाजूला सरकल्या.

"हे ट्रक नोहोय," कैलाश म्हणाला. "हे मधातून वळते."

"मंग मधातून वळव. पण काढ."

कैलाश वर चढला. बराच वेळ नुसता बसून राहिला. कृष्णरावांनी या वेळी हॉर्न वाजवला नाही. मग इंजिन सुरू झालं, आणि हायड्रा इंच इंच मागे सरकायला लागला. वळणावर त्याचं बूड भलतीकडेच गेलं आणि नालीवरची एक फरशी फुटली. कृष्णराव म्हणाले, "थोडा अजून." मोठ्या रस्त्यावर नेऊन कैलाशनं तो कडेला लावला. ट्रॅक्टर गेला. कैलाश खाली उतरला नाही. इंजिन बंद करून, स्टेअरिंगवर हात ठेवून वर बसून राहिला. गोपीचंद जेवून आला तरी बसूनच होता. गोपीचंदला आधी हायड्रा चोरीला गेल्यासारखं वाटलं, मग चोर दिसला.

फरशी कैलाशनं दुसऱ्या दिवशी बसवून दिली. महिनाभरानं तो साकोलीच्या एका राइस मिलच्या गाडीवर लागला. लहान गाडी आहे, सहा चाकी. नाशिकला जात नाही, रायपूरलाही नाही. संध्याकाळी घरी असतो. जंगलातून जाताना हळू चालवतो, म्हणून मिलवाले कुरकुर करतात. लवकर पाहिजे तर दुसरा पाहा, असं त्यानं त्यांना सांगून ठेवलं आहे. दुसरा अजून मिळालेला नाही.

रुपाताईंचा हायड्रा सध्या अर्धा आहे. खालचं सगळं जमलं, मधातून वळतोही. वरचा हात तेवढा उभा राहत नाही; पुठ्ठ्याचा केला तर वाकतो, लोखंडाचा केला तर गाडी तोंडावर पडते. गोपीचंद येऊन पाहून गेला आणि मागे वजन भरायला सांगितलं. वजन किती भरायचं, यावर रुपाताई आणि कैलाश यांचं गेल्या शुक्रवारपासून बोलणं बंद आहे.