चौथऱ्याखाली थांबलेली बनुबाई

बनुबाई जागेपणी स्वप्नं बघायची, हे खडकमाळात सगळ्यांना ठाऊक होतं. खुरपं हातात, वाफा अर्धा, आणि बाई भलतीकडेच. बायका हसायच्या, "बनुबाई, कुटं गेलीस गं?" ती म्हणायची, "जवळच. आमच्या लिंबापाशी." लिंब बौद्धवस्तीतला. त्याच्या बुडाशी हापसा आहे, भदाभदा पाणी पडतंय, आपण पाय धुतोय, एवढंच स्वप्न. खरं पाणी मात्र दीड मैलावर, गोरक्षनाथनानांच्या मळ्यातल्या विहिरीवर. त्याच मळ्यात ती रोजानं जायची.

सत्त्याण्णव साली राखीव जागेवर ती पंच झाली. केशरबाई सरपंच, नाना उपसरपंच. नानांना वाटलं होतं, सरपंचबाई नावाला बसेल आणि शिक्का आपल्या खिशात राहील. पण केशरबाईंनी शिक्का आपल्या पिशवीत ठेवला आणि पहिलाच हापसा लिंबापाशी मंजूर करून आणला. नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोअरची गाडी यायच्या आत तहसीलदारांकडे अविश्वासाचा अर्ज पडला. केशरबाई गेल्या की हापसा मळ्याकडे वळणार, हे वस्तीला कुणी सांगायची गरज नव्हती.

सातांपैकी पाच हात हवे होते. नाना, त्यांची भावजय साळूबाई आणि दोन पंच, असे चार तयार होते. पाचवा बनुबाईचा. "मळ्यात काम पायजे नं?" नानांनी एवढंच विचारलं, आणि ती जीपमध्ये बसली. काय करणार? चूल त्या मळ्यावरच पेटत होती.

अविश्वास आला की पंच फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं, ही तेव्हाची रीत. नानांनी शनिशिंगणापूर गाठलं. दर्शन होईल आणि देवासमोर शपथही. आता जिथं घरांना दारंच नाहीत, तिथं माणसं कोंडायला नेणारा हा गडी एकटाच! शेवटी दोघी बायकांना आतल्या खोलीत झोपवून नाना स्वतःच चौकटीत आडवे झाले.

झुंजुमुंजू झालं तशी बनुबाई जागी झाली. उघड्या चौकटीतून सगळं आभाळच आत आलेलं. नाना घोरत होते. ती त्यांना ओलांडून बाहेर गेली. पळायचं तिच्या मनातही नव्हतं. धुक्यात ओली भगवी वस्त्रं नेसलेले पुरुष न बोलता चालले होते, आणि अंघोळीच्या तोट्यांचं पाणी दगडांवरून वाहत होतं. इतकं पाणी! तिनं त्यात पाय सोडले. लिंब तेवढा नव्हता, बाकी सगळं तेच होतं. तिला रडूच आलं.

ऊन वर आल्यावर नाना आणि दोघे पंच ओलेत्यानं शनीच्या चौथऱ्यावर चढले. बनुबाईला असल्या देवदेवस्कीचं काही नव्हतं, पण सगळे निघाले म्हणून तिनंही पाय उचलला.

"आगं, कुटं निगालीस? बायांनी वर यायचं न्हाई. खाली थांब!" नाना खेकसले.

ती साळूबाईशेजारी थांबली. वर तिघांनी दगडावर तेल वाहून केशरबाईंना पाडायची शपथ घेतली. बनुबाईचे पाय अजून ओलेच होते.

दुपारी गावी परतल्यावर ग्रामपंचायतीत तहसीलदार म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे हात वर करा." चार हात वर गेले. बनुबाईचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. केशरबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"बनुबाई!" नाना ओरडले. "शपत झालीय!"

मळा गेला, हे बनुबाईला लख्ख दिसलं. तरी ती बोलली. "तुमची झाली, नाना. मला तर तुमीच खाली थांबवलंत."

केशरबाईंच्या बाजूचा सातवा पंच, श्रीमंतमास्तर, तोंडावर उपरणं धरून हसला. तहसीलदारांनी हात पुन्हा मोजले, चारच भरले, आणि ठराव फेटाळला असं लिहिलं.

"उद्यापासनं मळ्यात दिसू नकोस," नाना म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

ती चार दिवस घरीच होती. पाचव्या दिवशी लिंबापाशी बोअरची गाडी लागली. आधी नुसता धुरळा उडाला, मग चिखल, आणि संध्याकाळी पाण्याचा फवारा उठला. सारी वस्ती ओरडत तिकडं पळाली. बनुबाई मात्र पाय ओले करून उभी.

"बनुबाई, कुटं गेलीस गं?" कुणीतरी हाक मारली.

"कुटं न्हाई," ती म्हणाली. "हितंच हाय."