पहिली माझी मुलगी आली होती

इथे कतारमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी सकाळी ऑफिसात पोचले, डबा खणात ठेवला, फोन उघडला आणि शाळेचा मेल वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान वयोगटातून वेल्सला शर्यतीसाठी जाणाऱ्या चार मुलांची नावं होती त्यात, दोन मुलगे आणि दोन मुली. मुलींमधलं पहिलं नाव शर्यतीत दुसऱ्या आलेल्या मुलीचं, दुसरं नाव तिसऱ्या आलेल्या मुलीचं. पहिली माझी मुलगी आली होती, आणि तिचं नाव कुठेच नव्हतं. मी मेल तीनदा वाचला. शेवटी सह्यांच्या खाली कुठे राहिलंय का तेही बघितलं. शेजारच्या टेबलावरची केरळची मैत्रीण म्हणाली, "क्या हुआ?" मी म्हटलं, "अंधेर है, और क्या!"

ही शाळा काय चीज आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल. वेल्समधल्या एका जुन्या खासगी शाळेची ही दोह्यातली शाखा. मूळ शाळा तिकडे डोंगरात, कोळशाच्या खाणींवर गब्बर झालेल्या कुणा शेटजीने बांधलेली, बारा महिने पावसात भिजणारी. इथे वर्षातून चारदा पाऊस पडला तरी रस्ते तुंबतात, पण मुलांच्या ब्लेझरवर मेंढी आहे. कॉरिडॉरमध्ये रग्बी खेळणाऱ्या मिशाळ पोरांचे जुने फोटो ओळीने लावलेत. असेंब्लीला सगळी मुलं 'बोरे दा' म्हणतात, ते त्यांच्या भाषेतलं सुप्रभात. मुलांचे चार गट पाडलेत आणि चारही गटांना तिकडच्या नद्यांची नावं दिलीत. माझ्या मुलीला त्या चारही नद्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. गोदावरी कुठे उगम पावते विचारलं तर म्हणते, "नाशिकजवळ समव्हेअर." आजोळ नाशिकचं आहे हो तिचं!

आणि त्या शाळेचा इतिहास! तो पाठ करून घेतात पोरांकडून, प्रश्नमंजुषा घेतात त्यावर. म्हणे फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात वसतिगृहातला एक मुलगा तापाने फणफणला, बर्फाने रस्ते बंद, तेव्हा दुसरा एक मुलगा टेकडी ओलांडून, ओढ्यातून, चिखलातून पळत पलीकडच्या गावात गेला आणि डॉक्टरला घेऊन आला. परत आल्यावर त्याचे चिखलाचे बूट हेडमास्तरांनी धुऊ दिले नाहीत, सभागृहात टांगले. तेव्हापासून दरवर्षी ती शर्यत होते आणि जिंकणाऱ्याचे बूट न धुता वर्षभर टांगून ठेवतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. मी मुलीला म्हटलं, अगं, आपल्याकडे एक गवळण तान्ह्या लेकरासाठी अंधारात रायगडाचा कडा उतरून गेली. तर म्हणाली, "तिचे बूट कुठे ठेवलेत?" कपाळ माझं.

तर ती शर्यत इथेही होते. आता दोह्यात टेकडी कुठली आणि चिखल कुठला? पण परंपरा म्हणजे परंपरा. शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे एका ओळखीच्या फार्मवर जेसीबीने मातीचा ढीग घालतात, ती टेकडी. मग चर खणून आदल्या दिवशी त्यात टँकरने पाणी सोडतात, तो ओढा. अख्खं वाळवंट कोरडं ठणठणीत आणि आम्ही पालक शनिवारी सकाळी उठून विकतचा चिखल बघायला जातो. मी दरवर्षी कुरकुर करते, कारण शनिवारी गणिताचा क्लास असतो. पण ही एकच गोष्ट शाळेत सगळ्यांना सक्तीची आहे, तिथे कुणाची सबब चालत नाही. म्हणून यंदाही थर्मासमध्ये चहा भरून, डब्यात थालीपीठं घालून गेलो.

थंडी होती, वारा सुटला होता, वाळू डोळ्यांत जात होती. मला वाटलं, आमची पोरगी येईल मधेच कुठेतरी, हातपाय न मोडता आली म्हणजे मिळवली. आणि बघते तर काय, चिखलाच्या चरातून सगळ्यांत आधी वर आली ती आमचीच! एक वेणी सुटलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड लालबुंद. तिला असं पळताना मी कधी बघितलंच नव्हतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "पळ गं बाई, पळ! मागे बघू नकोस!" आजूबाजूचे गोरे बापे वळून बघायला लागले. बघा म्हटलं, खुशाल बघा. ती दोरीला छाती लावून पलीकडे गेली आणि मी तिथे वाळूत उभी राहून ढसाढसा रडले.

मग शाळेच्या सभागृहात ते बूट टांगायचा सोहळा. आमच्या घरी चपला दाराबाहेर, आणि तिथे संस्थापकाच्या तसबिरीखाली चिखलाने बरबटलेले बूट! एरवी मी नाक मुरडलं असतं. पण ते माझ्या मुलीचे होते, म्हणून मी सहा फोटो काढले आणि तिथूनच नाशिकला पाठवले. माझ्या वडिलांनी अख्ख्या सोसायटीला सांगितलं, नात वेल्सला पळायला चालली. कारण पद्धतच तशी आहे, दर शाखेतली, दर वयोगटातली पहिली आणि दुसरी मुलगी, पहिला आणि दुसरा मुलगा मार्चमध्ये मूळ शाळेत जातात आणि खऱ्या टेकडीवर, खऱ्या चिखलात पळतात. येताना गाडीत मी म्हटलं, "आता वेल्स!" ती काचेतून बाहेर बघत "लेट्स सी" म्हणाली. दमली असेल, असं वाटलं मला.

आणि आता तीन आठवड्यांनी हा मेल.

मी नवऱ्याला फोन केला. तो रास लफानला गॅसच्या प्लांटवर असतो. म्हणाला, "अगं, आधी विचारून तर बघ, काही चूक झाली असेल." मी म्हटलं, "चूक आपल्याच बाबतीत बरी होते दरवेळी!" म्हणाला, "इन्शाल्ला, होईल सगळं नीट." या माणसाला इन्शाल्ला म्हणायची फार सवय लागली आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बिन महमूदमधल्या ऑफिसातून गाडी काढली आणि सिग्नलला थांबून थांबून काय काय बोलायचं ते ठरवत शाळेत पोचले.

खेळांचे मुख्य सर वेल्सचेच. सहा फुटांहून उंच, रग्बीने दोन्ही कान चुरगळलेले, वागायला फार सभ्य. त्या सभ्यपणाचाच मला जास्त राग येतो. "प्लीज, बसा," म्हणाले. मी बसले नाही. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण भांडताना ते फार सुधारतं. मी म्हटलं, पहिली कोण आली? ते म्हणाले, तुमची मुलगी, फार सुंदर पळाली. मी म्हटलं, मग यादीत ती का नाही? आम्ही इंडियन म्हणून? आमच्या व्हिसाची कटकट नको म्हणून? प्रश्नमंजुषेत तुमच्या शाळेचा इतिहास घडाघडा म्हणायला आमची मुलं चालतात, गणितात शाळेचं नाव काढायला चालतात, आणि विमानात बसवायची वेळ आली की दुसऱ्यांची? त्या तुमच्या मुलाने टेकडी ओलांडली तेव्हा त्याचा पासपोर्ट बघितला होता का कुणी? बूट टांगता आमच्या मुलीचे आणि नेता दुसरीला! ही कसली परंपरा?

त्यांनी मला मधे तोडलं नाही. त्यांचे ते चुरगळलेले कान लाल होत गेले. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

सप्टेंबरमध्ये पालकांनी भरायचा संमतीचा फॉर्म होता. पोहणे, नाही. रग्बी, नाही. मुक्कामाची सहल, नाही. परदेशातील क्रीडा दौरा, नाही. खाली पालकांच्या सूचना लिहायच्या चौकटीत लिहिलं होतं की कृपया गणिताकडे अधिक लक्ष द्यावे. त्याखाली सही. माझी.

आता हा प्रकार कसा झाला तो सांगते. हे आमच्याच लोकांना जमू शकतं. आमचा शाळेतल्या मराठी आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सप्टेंबरमध्ये फॉर्म आला की ग्रुपवर एकच ओरडा होतो, कोणी भरला, काय टाकायचं? यात सगळ्यांत आधी भरणारी मी. भरून त्याचे फोटो ग्रुपवर टाकणारी मी. वर लिहिणारीही मीच, "सगळीकडे नो टाका गं, नाहीतर ही शाळा पोरांना कुठेही नेते आणि अभ्यासाचं खोबरं होतं." मग बाकीच्या तोच फॉर्म जसाच्या तसा उतरवून काढतात, अंगठ्याचे इमोजी टाकतात, थँक्यू ताई म्हणतात. यंदा आमच्या ग्रुपमधलं एकही मूल कुठल्याच दौऱ्याला गेलं नव्हतं, हे त्या सरांच्या खोलीत उभं राहून माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण माझी जीभ कुठली गप्प बसते. मी म्हटलं, "मग मला फोन करायचा! मुलगी पहिली येते, आईने नको म्हटलंय, तर एक फोन करायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "करणार होतो. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला बोलावलं. म्हटलं, तुझ्या आईशी मी बोलू का? ती म्हणाली, प्लीज नको. तीन दिवसांनी पुन्हा विचारलं. तरीही नको म्हणाली. मला वाटलं, घरी बोलणं झालं असेल. त्यासाठी मी तुमची माफी मागतो." नावं कळवून झाली होती, व्हिसाचे कागद गेले होते, तिकिटं निघाली होती. खलास. पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलींच्या गटात जाईल, तिथे तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या मुली पळतात.

मी खुर्चीत बसले ती तेव्हा. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मघाशी मी काय काय बोलले ते सगळं एकेक करून आठवायला लागलं, पासपोर्टसकट. "सॉरी" म्हटलं, पण ते इतकं हळू की त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. गाडीत येऊन बसले तर नवऱ्याचा फोन. "काय झालं? झापलंस का?" मी म्हटलं, "हो, झापलं." पुढचं सांगायचा धीर झाला नाही.

तीन वाजता मदिनत खलीफात आमच्या दाराशी शाळेची बस थांबली. मी पोहे केले होते. ती हात धुऊन बसली, दोन-चार चमचे खाल्ले, मग मी विचारलं. ती बोलते इंग्रजीत, मी विचारते मराठीत, आमच्या घरी असंच चालतं. इथे सगळं मराठीतच लिहिते.

"सरांनी विचारलं तेव्हा नको का म्हणालीस?"

तिने चमचा फिरवला. "तू फॉर्मवर नो लिहिलं होतंस."

"अगं, ते बदलता आलं असतं!"

"सर तुला फोन करणार. तू म्हणणार, परीक्षा आहे. मी म्हणणार, मला जायचंय. मग तू आठवडाभर भांडी आपटणार. मग बाबा माझ्या खोलीत येऊन म्हणणार, आईचं ऐक."

हे तिने रडून नाही सांगितलं. वेळापत्रक वाचावं तसं सांगितलं.

"मी असं करते?"

ती ताटलीतली कढीपत्त्याची पानं बाजूला काढत होती.

"तुला जायचं होतं का पण?"

"हो," ती म्हणाली. तेवढं एक मराठीत म्हणाली.

"मग भांडायचंस ना माझ्याशी! तोंड नाही का तुला?"

"आई," ती म्हणाली, "माझ्यासाठी तू सगळ्यांशी भांडतेस. बसच्या ड्रायव्हरशी, मॅथ्सच्या टीचरशी. आज सरांशी पण भांडलीस, मला वर्गातल्या मुलींनी सांगितलं, तुझा आवाज बाहेर येत होता. पण तुझ्याशी भांडायला मी कुणाला पाठवू?"

मला लाज वाटली. आणि मला लाज वाटली की राग येतो, लहानपणापासूनच तसं आहे. वर्गातल्या मुली ऐकत होत्या म्हणून राग, हिने दोनदा नको म्हटलं म्हणून राग, त्या एका 'हो'चा तर सगळ्यांत जास्त. तो येताना कळत होता मला, पण थांबवता येईना. मी तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.