श्टॉट्सबाईंचा डावा हात

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या इर्मेला श्टॉट्सबाई बोलता बोलता मधेच थांबतात. पुढचा शब्द जणू खिडकीतून आत यायचा असतो. "आज धुकं... बरं आहे." मग कितीतरी वेळ त्या धुक्याकडे बघत राहतात. आल्ब डोंगरांतल्या आमच्या खोऱ्यात धुक्याला बरं म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

पण त्यांचं कामच तसलं. फ्युसलेसाहेबांच्या छोट्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं धातू ओळखणारे सेन्सर आखतात आणि बनवतात. अंगठ्याएवढी नळी, टोकाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं. वीज सोडली की वेटोळ्यासमोर एक न दिसणारं तळं थरथरायला लागतं. पीठ आलं, वाफ आली, माणसाचा हात आला, तळ्याला पत्ताही नाही. धातू आला की मात्र तो त्या थरथरीतून गुपचूप घोट घेतो. थरथर मंदावते, आणि नळीच्या शेपटीवर पिवळा दिवा लागतो.

"आंधळ्या माणसानं," बाई म्हणतात, "दारात कोण आलंय ते... न विचारता ओळखावं, तसं."

किती घोट गेले की दिवा लावायचा, हे शेपटीकडचा एक बारीक स्क्रू ठरवतो. तो बाई हातानंच लावायच्या. डाव्या मुठीत सेन्सरचं डोकं, समोर लाकडी पट्टीवर पोलादाचा चौकोन, उजव्या हातात प्लॅस्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर. डोळे मिटलेले. दिवा लागला की पापणीतून कळायचं. फ्युसलेसाहेबांनी यासाठी एक छानसं प्लॅस्टिकचं स्टँड आणून दिलं होतं. बाईंनी त्यावर टोपी अडकवली.

"तत्त्वतः ते स्टँड टोपीसाठी नाहीये, श्टॉट्सबाई." साहेबांचं वाक्य नाकातून निघतं आणि 'तत्त्वतः'ला टेकल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"टोपीला... आवडलंय पण."

फेब्रुवारीत त्यांचे यजमान ऑयगेन गेले. आठवड्यानं बाई पुन्हा बाकावर येऊन बसल्या, आणि त्याच वसंतात म्योग्ले बेकरीचं काम आलं. ब्रेत्सेलचे, म्हणजे पीळ घातलेल्या खारट पावांचे ट्रे पट्ट्यावरून भट्टीकडे सरकतात. पुढचा ट्रे तोंडाशी आला की सेन्सरनं सांगायचं, म्हणजे मागचा थांबतो. उजेडावर चालणारे सेन्सर तिथं पिठानं आंधळे झाले होते. पोलादी ट्रे तापून वाकतात, सेन्सरपासून नऊ मिलिमीटरपर्यंत लांबून जातात. म्हणून बाईंनी मुद्दाम वेटोळ्याभोवतीचं धातूचं कडं काढून टाकलं. तळं पुढे लांबवर पसरलं आणि थोडं कडेनंही सांडलं. दिवा बरोबर दहा मिलिमीटरला लागेल असा स्क्रू त्यांनी लावला.

बेकरीत सेन्सर दोनदा बसवले. दोन्ही वेळा काही ट्रे त्यांच्या नजरेतून सुटले.

म्योग्लेबाईंच्या फोनला कान लावावा लागत नाही. खोलीभर ऐकू येतो. "अहो फ्युसले! तीन ट्रे एकमेकांच्या बोकांडी बसलेत! ब्रेत्सेलची चटणी झालीय, वर मीठ घालून! गुरुवारी शेवटचं बघते, नाहीतर कॅमेरा बसवते आणि तुम्हाला रामराम!"

साहेब बाईंच्या बाकाशी आले. "तत्त्वतः हे काम गेलं, तर असले हातानं लावायचे सेन्सर आपण बंद करू. तत्त्वतः... तुम्हीही उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर घरी आराम करायला हरकत नाही."

पॅकिंगमध्ये माझी आई असते. तिथं कुजबुज सुरूच होती, "नवरा गेला आणि बाईंचा हातही गेला." कुजबुज कसली, बाईंना ती बाकावर ऐकू गेली.

त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची होती. संध्याकाळी आईला त्या पायरीवर दिसल्या. झाडू भिंतीला टेकलेला, डावा हात उलटासुलटा करून बघत होत्या.

"बाई, जेवलात का?"

"हात खरंच गेला असेल, तर घरी बसून मी... काय ऐकू? घरात काही थरथरतच नाही आता."

 आईनं झाडू घेतला आणि उरलेल्या पायऱ्या झाडून टाकल्या.

गुरुवारी बेकरीच्या दारातच म्योग्लेबाई आडव्या आल्या. "घड्याळ, कानातलं, अंगठी, सगळं इथं बशीत! पिठात सापडलं तर गिऱ्हाईक माझाच दात काढून नेईल!"

आमच्याकडे लग्नाची अंगठी उजव्या हातात असते. जोडीदार गेला की ती डाव्या हातात जाते. बाईंनी ती अंत्यविधीच्या दुपारी बदलली होती, आणि त्यानंतर एकदाही काढली नव्हती.

"ही... राहू दे ना."

"माझा नवरा रोज काढतो, श्टॉट्सबाई. जरा जास्तच खुशीत काढतो!"

बाई हसल्या. साबण लावून अंगठी निघाली. बोटावर पांढरा वळ राहिला.

पट्टा सुरू झाला. सहा ट्रे नीट गेले, सातवा सुटला. म्योग्लेबाईंनी स्वतः झेप घेऊन पट्टा थांबवला. साहेबांचं 'तत्त्वतः' नाकातच अडकलं.

बाईंनी सेन्सर तारेसकट उतरवला. डाव्या मुठीत धरला, लाकडी पट्टी मांडली, चौकोन दहावर ठेवला. दिवा लागेना. नऊ. आठ. साडेसातला लागला.

"काल बाकावर तर दहाला..."

 वाफ त्यांच्याभोवती सावकाश फिरत होती. डाव्या बोटावरचा तो पांढरा वळ बाईंनी पाहिला. चौकोन परत दहावर सरकवला.

"म्योग्लेबाई, बशी... आणता का?"

"आत? अंगठी?"

"तुम्हीच धरा. घट्ट."

म्योग्लेबाईंनी बशी दोन्ही हातांनी धरून आणली, प्रसाद असावा तशी. बाईंनी अंगठी उचलून मुठीजवळ नेली. दिवा लागला. लांब नेली, विझला. पुन्हा जवळ, पुन्हा लागला.

"अगं बाई!" म्योग्लेबाई आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या. "हे काय?"

"ऑयगेन," बाई म्हणाल्या. "कडेनं बसून घोट घेत होते. मी पोलादाचं नि त्यांचं मिळून माप धरलं. इथं ते... नव्हते."

अंगठी बशीत ठेवून त्यांनी स्क्रू नव्यानं लावला. त्या सकाळी दोनशे चाळीस ट्रे गेले. एकही सुटला नाही.

परतताना साहेब म्हणाले, "म्हणजे तत्त्वतः, कामाच्या वेळी अंगठी खणात ठेवली की झालं."

"तत्त्वतः," बाई म्हणाल्या, "नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हातच बदलले. उजव्या मुठीत सेन्सर, डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. अंगठी शेपटीकडे, तळ्यापासून लांब. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी डाव्या हातानं स्क्रू फिरवायला शिकणं सोपं नाही. पहिल्या आठवड्यात स्क्रू-ड्रायव्हर सतरा वेळा पडला, आणि पॅकिंगमध्ये आईनं अशा शिव्या ऐकल्या ज्या तिच्या आजोबांबरोबर गेल्या असं तिला वाटत होतं. आता जमतं. टोपी अजून स्टँडवरच असते. बाई डोळे मिटून बसतात, डावं बोट केसभर वळतं, आणि पापणीआड पिवळं उजाडतं.