अकरा शिक्के

काजाबटणवाल्या बाईंचे पाय कधी स्वस्थ नसतात. मशीन बंद असलं तरी टाच वरखाली चालूच. दवाखान्यात नंबर लावून बसल्या की शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर जातो. त्यांच्याकडेच राहणारी नणंद म्हणते, "वहिनी झोपेतसुद्धा कुणाचं तरी काज करत असतात."

त्यांचं दुकान म्हणजे पुस्तकांच्या दुकानाच्या जिन्याखालची जागा. एक मशीन, एक स्टूल आणि बटणांचे सतरा डबे. वाचायचं वेड जबरदस्त, पण कमाई बटणांची. वर्षाला एक पुस्तक विकत घेणं परवडतं. ते त्या वरच्या दुकानातूनच घेतात, छापील किमतीला. सवलत मागत नाहीत, कारण काजांच्या दरात कुणी घासाघीस केली की कसं वाटतं ते त्यांना ठाऊक आहे.

उरलेलं वर्षभर त्या फुकटात जमेल तेवढं करतात. दुकानात मागे दडपली गेलेली पुस्तकं गुपचूप पुढे काढून ठेवतात. दुकानदार ती गुपचूप मागे ठेवतो. नऊ वर्षं हे चाललंय आणि त्यावरून दोघांत एका शब्दाची बोलाचाल झालेली नाही. वाचनालयाच्या मागणीवहीत त्या नव्या पुस्तकांची नावं लिहितात, दर खेपेला वेगळ्या रंगाच्या पेनाने, म्हणजे मागणी बऱ्याच जणांची वाटावी. ग्रंथपालबाई अक्षर ओळखतात. पण शाई वेगळी आहे हे त्यांनाही नाकारता येत नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं कार्य मात्र वेगळंच. वाचनालयात जागा कमी. त्यामुळे वर्षभरात एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात जातं. बाहेर गेलं की मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का बसतो आणि त्याला वर्षभराचं जीवदान मिळतं. बाई दर शनिवारी चार पुस्तकं नेतात. दोन वाचायला, दोन वाचवायला. वाचवायची पुस्तकं पिशवीतून घरी येतात, आठवडाभर खुंटीला लटकतात आणि तशीच परत जातात. वर्ष संपेपर्यंत त्या थांबत नाहीत. बटण सैल झालं की तेव्हाच टाका घालावा, तुटायची वाट बघू नये, हा त्यांचा खाक्या. म्हणून प्रत्येक पुस्तक सहा महिन्यांतच पुन्हा नेतात.

अशा खुंटीवरच्या पुस्तकांत एक होतं फिटरकाकांचं. काका पाणीखात्यातून निवृत्त झालेले. शहराखालचे नळ, पाणी बंद-चालू करायच्या चाव्या आणि गळत्या यांवर त्यांनी दोनशे पानं लिहिली आणि पदरमोड करून छापली. सहा वर्षांत बाईंनी ते अकरा वेळा घरी आणलं होतं. उघडलं एकदाही नव्हतं.

एका गुरुवारी काका कोटाचं बटण लावून घ्यायला आले. स्टुलावर बसले ते निम्मेच, उठायच्या तयारीत.

"ताई, दुसरी आवृत्ती काढतोय."

बाईंच्या हातातली सुई थांबली. टाच मात्र जोरात सुरू झाली.

"दुसरी?"

"वाचनालयात गेलो होतो. मागची चिठ्ठी बघितली. अकरा शिक्के! अकरा माणसांनी वाचलंय. नावं विचारली तर ग्रंथपालबाई म्हणतात, नियमात बसत नाही. सोमवारी छापखान्यात पैसे भरतो."

"पण काका, पैसे…?"

"आहेत ना. खालच्या मजल्यावरच्या खोलीसाठी ठेवलेत ते."

ती खोली कशासाठी, हे गल्लीला माहीत होतं. काका-काकू तिसऱ्या मजल्यावर राहत. काकूंचे गुडघे गेलेले. गेल्या आठ महिन्यांत त्या दोनदाच खाली उतरल्या होत्या आणि दुसऱ्या खेपेला त्यांना खुर्चीसकट वर न्यावं लागलं होतं.

काका गेले. बाईंनी पुढच्या पुरुषी शर्टाला काज डाव्याऐवजी उजव्या पट्टीवर केलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी त्या काकांच्या दारापर्यंत गेल्या आणि बटण नीट बसलंय ना, एवढंच विचारून परत आल्या. शुक्रवारी पुन्हा गेल्या. काकूंनी आतूनच विचारलं, "आता कुठलं बटण?" शनिवारी दुसऱ्या मजल्यावरूनच मागे फिरल्या.

"अहो वहिनी, सांगून टाका ना एकदाचं," नणंद म्हणाली. "जिन्याच्या पायऱ्या झिजवताय नुसत्या."

"काय सांगू? की तुमचे अकराचे अकरा वाचक म्हणजे मी, आणि मीही वाचलेलं नाही?"

"मग निदान वाचा तरी. अकरातला एक तरी खरा होऊ दे."

हा विचार बाईंना न सुचावा, यावरून त्यांची अवस्था कळते. तडक वाचनालयात गेल्या, पुस्तक आणलं, बारावा शिक्का बसला. रविवारी सकाळी वाचायला बसल्या. बसल्या म्हणजे खोलीभर फिरत वाचू लागल्या.

पुस्तक रुक्ष होतं. तरी एकशेचाराव्या पानावर त्यांचे पाय थांबले. तिथे काकांनी लिहिलं होतं की इमारतीची मुख्य चावी दर सहा महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडावी. पाण्याची गरज म्हणून नव्हे. फिरवली नाही तर ती जाम होते आणि जिच्याकडे कुणी बघत नाही अशी चावी नेमकी अडचणीच्या दिवशी हलत नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. आपण इतकी वर्षं वाचनालयात काय करत होतो, ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. शेजारी आकृती होती, बाणांसकट. डावीकडे बंद, उजवीकडे चालू.

असं वाचल्यावर स्वस्थ बसणं त्यांच्या पायांना शक्य नव्हतं. पुस्तक घेऊन त्या राहत्या इमारतीच्या जिन्याखालच्या, मुख्य चावीच्या खड्ड्याशी गेल्या. चावी डावीकडे फिरेना. "झालीच की जाम," त्या म्हणाल्या आणि उजवीकडे जोर लावला. कुरकुरत फिरली. पुस्तकाप्रमाणे पूर्ण उघडली.

वरून नणंदेची हाक आली. "वहिनीऽ! पाणी गेलं! डोकं साबणाने भरलंय माझं!"

बाईंनी आकृती बघितली. चालू म्हणजे उजवीकडे. आणखी जोर लावला. आता चावी अशी घट्ट बसली की कुठेच हलेना. एव्हाना सहा बिऱ्हाडांची माणसं बादल्या घेऊन जिन्यात जमली होती. "कुणी केलं हे?" असं सगळे बाईंनाच विचारत होते.

या खेपेला त्या काकांचा जिना एका दमात चढल्या.

"काका, तुमच्या पुस्तकात लिहिलं तसं केलं आणि पाणी बंद पडलं!"

काकांनी पुस्तक हातातही घेतलं नाही. म्हणाले, "पान एकशेचार."

"तुम्हाला माहीत आहे?"

"छापून आलं त्याच दिवशी दिसलं. बाण उलटे पडलेत. म्हटलं, वाचतंय कोण! सहा वर्षं एक तक्रार नाही. पण या आठवड्यात ते शिक्के बघितले आणि झोप उडाली माझी. अकरा घरं, ताई! अकरा माणसं चुकीच्या बाजूला चावी पिळतायत. पुस्तकात चिठ्ठी डकवली तर पुढचा वाचेल, पण या अकरांना कुठे गाठू? सुधारलेली आवृत्ती निघाली की पेपरात दोन ओळी येतील. त्यांतून तरी कळेल त्यांना."

तीन दिवस बाईंना वाटत होतं की म्हातारा हुरळून गेलाय. म्हातारा नुसता घाबरला होता. आता त्यांना सांगणं सोपं झालं आणि अवघडही.

"काका, ते अकरा म्हणजे मी. पुस्तक रद्दीत जाऊ नये म्हणून नेत होते. वाचत नव्हते. आज वाचलं."



"अकराही?" काकांनी विचारलं.

"अकराही."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे एकाही घरात काही बिघडलेलं नाही?"

"एका घरात बिघडलंय. माझ्या. नणंद साबणात बसलीय."

काकांनी आतून मोठा पाना आणला. माणसाचे अकरा वाचक गेले आणि एक आला, हा फायदा की तोटा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. दारात थबकून ते म्हणाले, "उद्या छापखान्यात जायचं नाही मग."

"खालच्या खोलीच्या मालकाकडे जायचं," आतून काकू म्हणाल्या. "आणि सकाळीच. तुमचं आणखी काही छापायचं ठरण्याआधी."

काकांनी चावी डावीकडे सोडवली. वर नळाने खोकल्यासारखा आवाज केला आणि नणंदेने काकांच्या सात पिढ्यांचं भलं चिंतलं. सोमवारी बाईंनी बाण सुलटे काढलेल्या कागदाचे सहा तुकडे कापले. पाच पुस्तकांच्या दुकानात न विकता पडलेल्या प्रतींसाठी, सहावा वाचनालयासाठी. ग्रंथपालबाईंनी तो नियमाविरुद्ध आहे असं सांगितलं आणि खळ पुढे केली.

काका शेजारी उभे राहून बघत होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"बाकीचं कसं वाटलं?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"एकशेचारच्या पुढे गेलेच नाही काका. पाणीच गेलं."

"असू दे, असू दे. सावकाश वाचा." ते ग्रंथपालबाईंकडे वळले. "यांना मुदत वाढवून द्या."