सिस्टर आणि काचेतलं पाणी

सिस्टर लहान मुलांशी कधी खोटं बोलल्या नाहीत. सुई टोचताना 'काही होत नाही बाळा' असं सगळेच म्हणतात. सिस्टर मात्र समोर बसून मुलाला सांगायच्या, "दुखन. मुंगीपेक्षा जास्त दुखन, इंचवापेक्षा कमी. रडाचं असन तर रड, हात हलवू नको." आणि नवल म्हणजे पोरं हात हलवायची नाहीत. साखरखेर्ड्यात माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं त्यांच्याच हातची. त्यांचं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्यासाठी त्या 'सिस्टर', आणि माझ्या गौरीसाठी 'सिस्टर आजी'.

त्या मूळच्या खामगावकडच्या. आरोग्य केंद्रातली नर्सची नोकरी संपल्यावरही त्या गावातच राहिल्या, आमच्या भिंतीला भिंत लागून. यजमान आधीच गेलेले, मुलगा नागपूरला. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली रोज ताजं फूल, आणि घरभर डेटॉलचा बारीक वास. इतक्या वर्षांच्या ड्यूटीत तो वास त्यांच्या लुगड्यांतच शिरला होता.

गौरीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. सात वर्षांची झाली तरी ती पाचेकाची दिसायची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन थोडं वाढू द्या, मग ऑपरेशन करू. तोवर धावपळ बंद. गल्लीतली पोरं लंगडी खेळायची आणि ही ओट्यावर बसून बघायची. पुढे पुढे बघेनाशीही झाली. भिंतीकडे तोंड करून बसायची. ताट पुढं केलं की दोन घास खाऊन सरकवायची. डॉक्टर वजन वाढवा म्हणत होते आणि काटा जागचा हलत नव्हता.

त्या दवाखान्यात माशांची मोठी काचपेटी होती. गौरीनं मागितली ती एवढी एकच गोष्ट. मी यांना म्हटलं, चिखलीहून एक काचेचा गोळा आणि दोन सोनेरी मासे आणा. सिस्टरांनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि चपला न घालताच आल्या.

"गोळ्यात मासा ठेवणं म्हंजे त्याले जन्मभर ॲडमिट करून ठेवणं हाय, संगीता. देऊन राह्यली तर घर दे त्याले."

मग घर बांधायला सुरुवात झाली. चिखलीच्या काचवाल्याकडून लांबट पेटी बनवून आणली. ऊन थेट येणार नाही अशा कोपऱ्यात, माझ्या शिलाई मशीनशेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ती ठेवली. नदीतली बारीक वाळू सिस्टर आणि गौरी दोघींनी मिळून धुतली, तांदूळ धुतात तशी, पाणी नितळ येईपर्यंत. गौरीचे हात दुखायला लागले की सिस्टर म्हणायच्या, "थांब. वाळू कुठी पळून नाही जाऊन राह्यली." बोअरचं पाणी भरलं. मी म्हटलं, या जड पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही, मासे कसे जगतील? तर म्हणाल्या, आपण आणणार ते मासे याच पाण्यात खूश असतात. तलावातली हिरवी पाणवनस्पती आणून तिची मुळं वाळूत खोचली. पेटी भरली, आणि गौरी टाळ्या पिटत म्हणाली, "आता मासे!"

"आता नाही. पाणी कच्चं हाय अजून."

माझ्या डोळ्यांसमोर पुढचे दिवस आहेत ते असे: गौरी रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाऊ टाकते आहे, आणि खायला आत कुणीही नाही. सिस्टरांनी तिला सांगितलं होतं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात; माशांनी केलेली घाण तेच खाऊन साफ करतात; आधी त्यांना वाढू द्यायचं, मग पाहुणे बोलवायचे. मामंजी हसायचे. म्हणायचे, "आमची नात पाण्याला जेवू घालती." शेजारणी बघून जायच्या. पाणी आधी दुधासारखं गढूळ झालं. मला वाटलं नासलं, ओतून द्यावं. सिस्टर म्हणाल्या, हात लावू नको. एका सकाळी मशीनवर बसले तर पाणी असं स्वच्छ झालेलं की पेटीत पाणी आहे की नाही तेच कळेना. आणि काचेवरून मोहरीएवढी एक गोगलगाय वर चढत होती. ती पानांबरोबर आली असणार. गौरी नाक काचेला टेकवून बसली आणि तिनं भाकरी तिथंच मागून घेतली. पूर्ण खाल्ली.

मासे दुकानातून आलेच नाहीत. डासांच्या अळ्या खायला आरोग्य केंद्रं हौदात गप्पी मासे पाळतात. सिस्टरांनी नोकरीत विहिरी-डबक्यांत कितीतरी सोडले होते. त्यातलेच थोडे त्या मागून घेऊन आल्या. गौरीचा चेहरा पडला. "हे तर मातकट आहेत."

"नीट पाह्य. घाई नको करू."

पिशवी त्यांनी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग वाटीवाटीनं पेटीतलं पाणी तिच्यात ओतत राहिल्या. नव्या पाण्यात एकदम टाकलं की जीव घाबरतो, म्हणाल्या. मासे मोकळे झाले, उजेडात वळले, आणि त्या मातकट नरांच्या अंगावर एकेक ठिपका चमकला: एकाला केशरी, एकाला मोरपंखी. गौरीच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

थोड्याच दिवसांत एक मासा मेला. गौरी उठायच्या आत मी तो काढून टाकणार होते. सिस्टरांनी मला थांबवलं. गौरीला बोलावून दाखवला, तुळशीजवळ पुरायला लावला. माती सारखी करता करता गौरीनं विचारलं, "सिस्टर आजी, ऑपरेशनमध्ये मी पण मरेन का?"

हा प्रश्न तिनं आम्हाला कधी विचारला नव्हता. आमच्याकडून काय उत्तर येणार ते तिला माहीत होतं.

सिस्टर तिच्यासमोर बसल्या. "कोनी कोनी मरते. मी पाह्यलं हाय. पन तुह्यासारखी लई पोरं बरी होऊन घरी येतात, ते बी म्या पाह्यलं. मले वाटते तू येशील. खातरी लिहून नाही देता येत."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. पण गौरीनं मान हलवली, हात धुतले आणि म्हणाली, "मग मला दूध दे, आई." त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून बसली नाही.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी ब्लाउजला हुक लावत होते. गौरी ओरडली, "आई, मासा फुटला!" पोट फुगलेली एक मादी पानांच्या दाटीत थांबली होती. मी सिस्टरांना हाक मारली. त्या आल्या, मांडी घालून बसल्या. मादी थरथरली आणि तिच्यातून एक टिंब निसटलं, खाली बुडालं, उलगडलं, आणि त्याला डोळे होते. पुढच्या क्षणी ते पोहत पानाआड गेलं. मग दुसरं. मग आणखी. कुणी शिकवलं नाही, कुणी धरलं नाही. आम्ही तिघी श्वास रोखून बघत होतो. सिस्टरांकडे पाहिलं तर त्यांचे हात मांडीवर उघडे पडलेले, डोळ्यांतून धार लागलेली.

"जिंदगी गेली माही बाळंतपणं करण्यात," त्या हळूच म्हणाल्या. "पन तवा हात कामात राह्यत. बाई वाचते का, लेकरू रडते का, तेवढंच ध्यान. जलम होताना नुसतं बसून म्या आज पाह्यलं."

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. आम्ही संभाजीनगरला असताना पेटी सिस्टरांनी सांभाळली. रोज संध्याकाळी फोन करून गौरीला प्रत्येक पिल्लाची खबर द्यायच्या. गौरी घरी आली. गालांवर रंग आला. वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, आता तिला काही अडवू नका.

त्याच सुमारास सिस्टरांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. पुढे तिथंच त्या वारल्या. आम्हाला खबर उशिरा कळली. पण मला त्यांचं शेवटचं दर्शन आठवतं ते लोणारचं. नागपूरला जायच्या आधी एकदा सरोवर पाहायचं म्हणाल्या. इतकी वर्षं जवळ राहून निवांत पाहिलंच नव्हतं. आम्ही काठावर उभे राहिलो. एवढी मोठी गोल दरी, तळाशी हिरवं पाणी, आणि हे सगळं आभाळातून पडलेल्या एका दगडानं केलेलं.

गौरी तिच्या बाबांबरोबर खाली उतरली. तळाशी दोघं ठिपक्याएवढी दिसत होती. मग ती चढण चढून वर आली, मध्ये न बसता, लालबुंद होऊन, हसत. सिस्टरांनी तिला जवळ ओढलं, तिचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी माझी बोटं धरून त्या मनगटावर ठेवली.

"ऐक," त्या म्हणाल्या.

बोटांखाली माझ्या लेकीचं रक्त उड्या मारत होतं.